दहावीला महिना राहिला, अकरा मुलं आणि सोसायटीचं ऑफिस : काय करून घेऊ?

विक्रोळीकरीण | १८ जानेवारी, रात्री ११.२०

मंडळी नमस्कार. मी एरवी इथे पाककृतींच्या धाग्यांवर नुसती वाचायला येते. स्वतः धागा काढायची पहिलीच वेळ, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. इमारत जुनी, खोल्या लहान. दिवाळीनंतर समोरच्या वहिनी म्हणाल्या, "ताई, आमची पोरगी तासभर तुमच्याकडे बसली तर चालेल का? आमच्याकडे सासऱ्यांच्या मालिका आठला सुरू होतात त्या दहापर्यंत." बसली. तिच्यामागून तिची मैत्रीण आली, मग मैत्रिणीचा भाऊ. आमच्या घरात पाय ठेवायला जागा उरेना, तेव्हा सेक्रेटरींनी तळमजल्यावरचं सोसायटीचं ऑफिस उघडून दिलं. अटी दोनच : दहाला कुलूप, आणि गणपतीच्या मखराला कोणी टेकायचं नाही. आज तिथे अकरा मुलं बसतात. सगळी दहावीची, एसएससी बोर्डाची. सात मराठी माध्यमाची, चार सेमीची.

मी बीकॉम. अंधेरीला एका ऑफिसात हिशेब बघते, घरी यायला साडेसात होतात. आठ ते दहा मी मुलांसाठी मोकळी.

परवा प्रिलिमचे पेपर हातात आले. भूमितीत पाच जण ४० पैकी १४च्या खाली. एकाला ६. दुसऱ्या टोकाला एक मुलगी आहे, तिला सगळे विषय मिळून ८८ टक्के पडतात. ती फक्त शांतता मिळते म्हणून येते.

आता माझी पंचाईत. मी रात्री व्हिडिओ बघून दुसऱ्या दिवशी भूमिती शिकवते. वर्तुळाचं प्रकरण तीन दिवस घेतलं. मुलं माना हलवतात, "कळलं ना?" विचारलं की "हो ताई". आणि दोन दिवसांनी तोच प्रश्न दिला की कोरा कागद. क्लास लावा असं कृपया सांगू नका, पाच जणांना क्लास आहे, आणि त्यातले तिघं नापासांच्याच यादीत आहेत. महिनाभरात काय केलं तर उपयोग होईल?

खडूफळा | १९ जानेवारी, सकाळी ६.०५

ताई, धागा काढलात हे बरं केलंत. मी गणित शिकवण्यात ३१ वर्षं घालवली, त्यातली बरीच वर्षं बोर्डाचे पेपर तपासले. स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

शिकवणं बंद करा.

या मुलांना स्पर्शिकेचं प्रमेय शाळेत शिकवून झालं, क्लासात झालं, आता तुमच्याकडे झालं. चौथ्यांदा ऐकून काही होणार नाही. ऐकताना सगळंच सोपं वाटतं, कारण पुढची पायरी दुसरा कोणी सांगत असतो. या मुलांच्या शेजारी दोन तास कोणी गप्प बसलेलं नाही. ते तुम्ही करू शकता, आणि त्याला गणित यायची गरज नाही.

दर रविवारी सकाळी ११ वाजता पूर्ण पेपर. ४० गुण, दोन तास. मध्ये पाणी नाही, शंका नाही, "ताई हे असंच ना" नाही. उठल्यावर पेपर लगेच तपासायचा नाही. संध्याकाळी मुलांना त्यांचीच उत्तरपत्रिका परत द्या आणि जिथे गुण गेले तिथे तीन रंगांच्या खुणा करायला सांगा. येतच नव्हतं, तिथे लाल. येत होतं पण लिहिलं नाही किंवा भलतंच लिहिलं, तिथे हिरवी. वेळ पुरला नाही, तिथे निळी. पालकांना वाटतं पोराचं सगळं लाल आहे. मी इतके गठ्ठे उपसले, त्यात हिरव्याचाच भरणा जास्त असायचा.

आता पेपरचं गणित बघा, तुम्ही हिशेबातल्या आहात. भूमिती म्हणजे गणित भाग २. पहिला प्रश्न ८ गुणांचा : चार बहुपर्यायी, चार एकेका गुणाचे. दुसरा १२ गुणांचा : तीनपैकी दोन कृती म्हणजे चौकटी भरायच्या, आणि पाचपैकी चार छोटी उदाहरणं. म्हणजे निम्मा पेपर पहिल्या दोन प्रश्नांतच आहे, आणि त्यात छाती दडपावी असं काही नसतं. तिसऱ्यात पुन्हा ३ गुणांची चौकटींची कृती आहे. ज्याला ६ पडलेत त्याला चौथ्या-पाचव्या प्रश्नाकडे महिनाभर फिरकूच देऊ नका. बहुतेक तो त्यातच अर्धा तास घालवत असणार. घरी जाऊन त्याची उत्तरपत्रिका बघा.

बहुपर्यायीत एक नियम मुलं विसरतात. पहिल्यांदा लिहिलेलं उत्तरच धरतात. खोडून दुसरं लिहिलं तर गुण नाही. उत्तर म्हणून पर्यायाचं अक्षर लिहायचं, आणि ते पेन टेकवण्याआधी ठरवायचं.

आणि पाठ्यपुस्तक. गाइड, अपेक्षित प्रश्नसंच, क्लासच्या नोट्स हे सगळं कपाटावर ठेवा. चौकटींच्या कृती पुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणांच्या आणि प्रमेयांच्या वळणावर असतात. ज्याचं पुस्तक फाटलंय त्याला बालभारतीच्या साइटवरून पीडीएफ फुकट मिळतं.

उंटावरचा_शहाणा | १९ जानेवारी, दुपारी १.४०

एवढा आटापिटा कशासाठी? मला दहावीला ५८ टक्के होते, आज पवईत बरं चाललंय. कोणी गुणपत्रिका मागितलेली आठवत नाही. शिवाय बेस्ट ऑफ फाइव्ह आहेच, भूमिती गेली तर गेली. पोरांना रात्री झोपू द्या.

खडूफळा | १९ जानेवारी, दुपारी ४.१५

झोपेबद्दल सहमत. बाकीचं कृपया मुलांसमोर बोलू नका, कारण हा गैरसमज दर वर्षी काही जणांना भोवतो. सहापैकी चांगल्या पाच विषयांची टक्केवारी काढतात हे खरं, पण आधी सहाही विषय सुटावे लागतात. भूमिती आणि बीजगणित मिळून गणित हा एकच विषय आहे : ४० अधिक ४०, अधिक अंतर्गत २०, आणि पासाला ३५.

त्या २० गुणांवरून आठवलं. २०१९ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी गुण परत दिले आणि निकाल ९५.३०. तेव्हा ताई, अकराही मुलांच्या गणिताच्या वह्या, विज्ञानाच्या प्रयोगवह्या, भाषांचे स्वाध्याय शाळेत जमा झालेत का ते आधी विचारा. मुलं लाजून सांगत नाहीत.

उंटावरचा_शहाणा | १९ जानेवारी, दुपारी ४.३२

बरं मास्तर. शब्द मागे. उंटावरून उतरलो.

चकलीभाजणी | १९ जानेवारी, रात्री १०.५०

आमच्याकडे गेल्या वर्षी दहावी झाली, डोंबिवलीत. अभ्यासाचं मास्तर सांगतीलच, मी आईच्या नजरेतून लिहिते.

लेक रात्री दोनपर्यंत जागायचा. मला अभिमान वाटायचा, नणंदेला फोनवर सांगायचे सुद्धा. प्रिलिमला अकरा वाजताच्या पेपरात त्याला जांभया आवरेनात. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की बोर्डाचा पेपरही सकाळी अकरालाच आहे. मग जानेवारीअखेर रोज पंधरा पंधरा मिनिटं झोप अलीकडे आणत गेलो. फेब्रुवारीत साडेदहाला दिवा बंद, सहाला उठणं. पहिला आठवडा घरात महाभारत झालं. वायफाय बंद करायला हे आणि चालू करायला तो. पण जमलं.

पेपरच्या सकाळी भात देऊ नका. आमच्याकडे सासूबाईंचा वरणभाताचा आग्रह, आणि वरणभातानंतर माणूस दोन तास भूमिती सोडवेल ही अपेक्षाच चुकीची. पोळीभाजी किंवा पोहे, तेही साडेनऊपर्यंत.

केंद्र आदल्या रविवारी जाऊन बघून या. आमचं केंद्र शाळेपासून तीन स्टॉपवर होतं आणि फाटक मागच्या गल्लीत निघालं. साडेदहाला केंद्रावर हजर राहायचं असतं, त्या वेळी रिक्षा मिळणं म्हणजे लॉटरी. हल्ली पेपर अकरालाच हातात देतात. पूर्वी वाचायला आधी दहा मिनिटं मिळायची, ती आता शेवटी जोडलेली आहेत. तेव्हा "आधी वाचू, मग वेळ सुरू होईल" असं कोणी मुलांना सांगत असेल तर त्यांना सावध करा.

आणि सगळ्यात कठीण गोष्ट. पेपर सुटल्यावर "कसा गेला?" विचारायचं नाही. मी जीभ चावून "भूक लागली का?" विचारायचे. एकदा त्यानेच चिडून विचारलं, "तुला माझ्या पेपरचं काहीच कसं नाही?" काय बोलणार!

रात्रपाळी | २० जानेवारी, रात्री १२.४५

मी दहावी रात्रशाळेतून केली, परळला. वय तेव्हा २३. दिवसभर कुरिअरची पाकिटं वाटायचो, साडेसहाला शाळेत. माझ्या बाकावर एक वॉचमन, एक हॉटेलातला मुलगा, आणि एक काका ज्यांची स्वतःची मुलगी त्याच वर्षी दिवसाच्या शाळेतून दहावीला होती.

मास्तरांचं सगळं बरोबर. पण ताई, एक विचारू का? मुलं आठ वाजता तुमच्याकडे येतात तेव्हा काही खाऊन येतात का?

आमच्या वर्गात पहिल्या तासाला निम्मे झोपलेले असायचे. सर ओरडायचे. मग एक बाई स्वतःच्या पैशाने चणे-गूळ आणायला लागल्या. एक मूठ चणे, एक खडा गूळ, घंटेच्या आधी. ओरडणं आपोआप थांबलं. मला आजही चण्याच्या वासाने वर्गसमीकरणं आठवतात, हसू नका.

दुसरं. मी वरळीच्या अभ्यास गल्लीतही बसलोय, रस्त्याच्या दिव्याखाली. तिथे कोणी शिकवत नाही. शेजारचा पोरगा वाचतोय म्हणून आपण वाचतो, तो उठत नाही तोवर आपणही उठत नाही. तुमचं ऑफिस तेच आहे. त्या ८८ टक्केवालीला मधोमध बसवा.

डेटावाला | २० जानेवारी, सकाळी ९.१०

एक ॲप सुचवू का? रोज क्विझ येते, प्रगतीचा आलेख निघतो, मुलांना मजा येते.

चकलीभाजणी | २० जानेवारी, सकाळी ९.२५

दादा, मोबाइल हातातून काढायला आमचं सहा महिने महाभारत चाललं होतं. ☺

डेटावाला | २० जानेवारी, सकाळी ९.३१

पॉइंट आहे. जुने पेपर प्रिंट करून पाठवू का? ऑफिसात प्रिंटर आहे आणि साहेब रजेवर आहेत. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा.

विक्रोळीकरीण | २७ जानेवारी, रात्री ११.०५

सगळ्यांचे आभार. डेटावाल्यांचं पार्सल पोचलं, ११ संच, वर सुंदर स्टेपल. साहेबांना कळू देऊ नका.

रविवारी पहिला पेपर घेतला. मखराला कापड बांधलं, घड्याळ घरून नेलं. चणे-गूळ आणले होते. रात्रपाळी, तुमचा प्रश्न वर्मी लागला. विचारलं तर चार मुलं दुपारी शाळेतून आल्यावर जे खातात त्यावर थेट रात्री साडेदहाला जेवतात. दोन महिने मी त्यांच्यासमोर वर्तुळं काढत होते आणि त्यांच्या डोळ्यांसमोर पोळ्या गोल फिरत असणार.

दोन तास गप्प बसणं मला फार जड गेलं. पण गप्प बसल्यामुळे जे दिसलं ते तीन दिवस शिकवून दिसलं नव्हतं.

ज्याला ६ पडलेत त्याच्याकडे लक्ष ठेवून होते. रचनेचा प्रश्न होता : वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढा. त्याने वर्तुळ काढलं, केंद्र आणि बाहेरचा बिंदू जोडला, लंबदुभाजकासाठी एका टोकावरून कंस काढले. इथवर सगळं बरोबर, मी पुस्तक उघडून ताडत होते. मग दुसऱ्या टोकावरून कंस काढले आणि ते पहिल्या कंसांना भलतीकडेच छेदू लागले. त्याने खोडलं. पुन्हा काढलं. पुन्हा खोडलं. कागद फाटायला आला. तिसऱ्या वेळी पेन्सिल आपटली आणि पुढचं उदाहरण घेतलं.

पेपर झाल्यावर त्याचा कंपास हातात घेतला. पेन्सिल धरायचा स्क्रू झिजलेला. कागदावर टेकवला की पेन्सिल मागे सरकते, उचलला की पुढे येते. दर कंसाला त्रिज्या वेगळी! पोराला सातवीपासून वाटतंय की आपल्याला रचना जमत नाही. सोसायटीच्या रद्द पावत्यांचं एक पुस्तक टेबलावर होतं, त्यातल्या पावतीची बारीक घडी करून पेन्सिल आणि कड्याच्या मध्ये सारली. घट्ट बसली. त्याला म्हटलं, काढ आता. काढलं. दोन्ही स्पर्शिका, त्रिज्येशी गुण्या लावून बघितलं तर काटकोन. तो कागदाकडे बघतच बसला. मग म्हणाला, "ताई, हे तर सोपं आहे." मला त्या कंपासवाल्या कंपनीला शिव्या द्याव्यात की स्वतःला, कळेना. तीन दिवस मी त्याच्यासमोर होते.

मास्तर, तुमचे रंग. अकरा जणांच्या मिळून लाल खुणा ३१, हिरव्या ५८, निळ्या १९. मी रात्री बसून मोजल्या, सवय हो हिशेबाची.

एक मुलगा मात्र मला कळत नाहीये. त्याला तोंडी विचारलं की फाडफाड सांगतो, गुरुत्वाकर्षणाचं प्रकरण तर त्याने बाकीच्यांना समजावलं. लिहायला लागला की अक्षरं उलटीसुलटी, ओळी सुटतात, अर्ध्या तासात अर्धं पान. शाळेत "आळशी" असा शिक्का आहे.

खडूफळा | २८ जानेवारी, सकाळी ५.५५

कंपासचं वाचून दोन मिनिटं स्वस्थ बसलो. ३१ वर्षांत मी किती कंपास तपासले याचा विचार करतोय. उत्तर देत नाही.

सायलेंट_वाचक | २८ जानेवारी, दुपारी ३.२०

बारा वर्षं इथे सदस्य आहे, हा माझा तिसरा प्रतिसाद असेल. पण शेवटचा परिच्छेद वाचून राहवलं नाही.

तुम्ही वर्णन केलेला मुलगा म्हणजे आठवीतला माझा मुलगा. त्याला डिसलेक्सिया आणि डिसग्राफिया, म्हणजे वाचनातली आणि लिहिण्यातली अडचण, दोन्ही निघालं. तुमच्याकडच्या मुलालाही तेच असेल असं मी म्हणणार नाही, ते तपासणीशिवाय कोणी म्हणू नये. मुंबईत सायनसारख्या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात ही तपासणी होते, चाचण्यांना बऱ्याच खेपा पडतात. प्रमाणपत्र मिळालं की बोर्ड तासाला २० मिनिटं जादा देतं, गरज असेल तर लेखनिक मिळतो. पण हे नववीतच करायचं असतं. आता महिन्याभरात सगळं पार पडणं अवघड. तरी उद्याच त्याच्या आईवडिलांना मुख्याध्यापकांकडे पाठवा, विचारायला काय जातंय.

तोवर एवढं करा. त्याला लांब उत्तरं लिहायला लावू नका. विज्ञानात जिथे जमेल तिथे आकृती, नावं, तक्ता. एका ओळीत एक मुद्दा, मध्ये एक ओळ मोकळी. माझ्या मुलाला पानाच्या डावीकडे पेन्सिलने बारीक टिंबं द्यायला शिकवलं, प्रत्येक टिंबाशी ओळ सुरू करायची. ओळी सुटणं निम्म्यावर आलं.

आणि आईशी बोलाल तेव्हा सावकाश. मला पहिल्यांदा एका बाईंनी सांगितलं तेव्हा मी त्यांच्याशी महिनाभर बोलले नव्हते. नंतर पेढे घेऊन गेले.

विक्रोळीकरीण | २८ जानेवारी, रात्री १०.४०

तुमचा तिसरा प्रतिसाद मी दोनदा वाचला. उद्या ऑफिसला उशिरा जाते, त्याच्या आईबरोबर शाळेत जाऊन येते.

उंटावरचा_शहाणा | ३ फेब्रुवारी, रात्री ९.१५

पायउतार झाल्यापासून काहीतरी उपयोगाचं करावं म्हणून विचारतो : भूगोल, इतिहास कोण बघतंय? मी शनिवारी येऊ शकतो, पवईहून विक्रोळी काही लांब नाही.

विक्रोळीकरीण | ३ फेब्रुवारी, रात्री ९.२०

या ना! येताना पाठ्यपुस्तक वाचून या. दहावीचा भूगोल आता फक्त भारत आणि ब्राझील असा आहे.

उंटावरचा_शहाणा | ८ फेब्रुवारी, रात्री ११.३०

आज जाऊन आलो. चार तास, दोन कटिंग, चणे-गूळ.

मी तयारी करून गेलो होतो : अ‍ॅमेझॉन, अजस्र कडा, अवर्षण चतुष्कोन. पहिल्याच प्रश्नाला आपटलो. विचारलं, "जूनमध्ये दक्षिण ब्राझीलला कोणता ऋतू?" अकराच्या अकरा म्हणाले पावसाळा. साहजिकच आहे, मुंबईच्या पोराला जून म्हटल्यावर दुसरं काय सुचणार! दक्षिण गोलार्ध, आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा, हे सगळ्यांना पाठ होतं. वेगळ्या प्रश्नात ते वापरायचं असतं हे मात्र कोणाला सुचलं नाही.

मग नकाशा काढला. पुस्तकात "फावेला" शब्द आहे, रिओच्या डोंगरउतारावरच्या झोपड्या. मी समजावायला तोंड उघडणार तोच एक मुलगी म्हणाली, "म्हणजे आपली पार्कसाईट." विक्रोळीची टेकडीवरची वस्ती ती, तिची मावशी राहते तिथे. पाणी वर कसं चढवतात, पावसात दरड कुठे येते, वाट कशी पायऱ्यापायऱ्यांची आहे, पाच मिनिटं बोलली. मी म्हटलं, हेच लिही, फक्त पार्कसाईट खोड आणि रिओ घाल. आयुष्यात मी दिलेला पहिला उपयोगी सल्ला.

शिकवायला गेलो आणि एक गोष्ट कळली, मला सलग दोन तास पेन धरून लिहिता येत नाही. मनगट गेलं. मुलांना म्हटलं तर हसली.

खडूफळा | ९ फेब्रुवारी, सकाळी ६.१०

शहाणे, बोटं दुखणं हा गंमतीचा विषय नाही. ८० गुणांचा भाषेचा पेपर तीन तासांचा असतो. रोज अर्धा तास तरी सलग लिहायचं, बोर्डात जे पेन न्यायचंय त्याच पेनाने. नवं कोरं पेन पेपरच्या दिवशी उघडायचं नाही.

मराठीच्या कृतिपत्रिकेबद्दल, म्हणजे प्रश्नपत्रिकेबद्दल, कोणीच बोललं नाही म्हणून सांगतो. कुमारभारतीत, म्हणजे प्रथम भाषा मराठीत, उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत आणि मुलं ते शेवटच्या वीस मिनिटांत उरकतात. आधी करायला सांगा. पत्राचा मायना, बातमीचा मथळा, जाहिरातीची मांडणी, हे सगळं ठरलेलं असतं. धडे आठवोत न आठवोत, हे २४ गुण त्यांचे हक्काचे आहेत.

विक्रोळीकरीण | १७ फेब्रुवारी, रात्री ११.५०

घाईत लिहितेय. हॉल तिकिटं आली, सगळ्यांवर मुख्याध्यापकांचा सही-शिक्का आहे का ते आज तपासलं. एकाचं नाव चुकलेलं निघालं, शाळेत धावपळ करून ते दुरुस्त झालं.

तोंडी उत्तम सांगणाऱ्या मुलाला या वर्षी सवलत मिळणार नाही. शाळेतल्या बाई मात्र पहिल्यांदा त्याच्याशी नीट बोलल्या. निकालानंतर तपासणी करायची असं आईवडिलांनी ठरवलंय. टिंबांची युक्ती चालतेय, सायलेंट_वाचक, त्याची वही तुम्हाला दाखवली पाहिजे.

८८ टक्केवाली काल रडली. "मला ९२ हवेत, मी इथे सगळ्यांना शिकवत बसते." मी तिला म्हटलं, तू बाजूच्या खोलीत बस, कोणी विचारणार नाही. अर्ध्या तासाने बाहेर आली. आत गप्प बसून तिला स्वतःचं पाठांतर होत नव्हतं. मी काही बोलले नाही.

चौथ्या रविवारच्या पेपरात त्या पाचांपैकी चौघे १४च्या वर. पाचवी १३. तिला म्हटलं, आता रविवार उरला नाही. ती म्हणाली, "शनिवार आहे ना."

चकलीभाजणी | १७ फेब्रुवारी, रात्री ११.५८

झोपा हो ताई आता. साडेदहाला दिवा बंद!

विक्रोळीकरीण | ८ मार्च, संध्याकाळी ७.५०

भूमिती झाली. मधल्या पेपरांचं काही लिहिलं नाही, कारण चकलीभाजणींचा नियम मी पण पाळला. कोणाला विचारलं नाही. पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कंपासवाला पोरगा बाहेर आला तो हसतच. मी "भूक लागली का" म्हणायच्या आत सुरू झाला. रचनेचा प्रश्न घेतला आणि कंपास बाहेर काढला, तर पर्यवेक्षक बाई येऊन उभ्या. कंपासला कागदाची घडी! त्यांनी कंपास उचलला, घडी सोडवली, उलगडली, दोन्ही बाजूंनी बघितली. आत आमच्या सोसायटीच्या पावतीचा तुकडा. "सिंकिंग फंड, रुपये ५०." खाली सेक्रेटरींची सही आणि वर आडवं "रद्द".

बाईंनी विचारलं, हे काय आहे? हा म्हणाला, "बाई, स्क्रू झिजलाय." त्यांनी पेन्सिल हलवून बघितली. मग घडी पुन्हा तशीच घातली, स्वतःच्या हाताने, आणि दाबून घट्ट बसवून दिली.

स्पर्शिका दोन्ही आल्या म्हणतोय. पुढचा पेपर विज्ञान भाग १, मुलं खाली जमलीत. कुलूप उघडायला चालले, चण्याची पिशवी वर राहिली होती ती घ्यायला आले होते.